आघाडीची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर या शाळेत क्रीडाशिक्षक होते. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, गोमंतकातील मराठीच्या इतिहासावर, शिक्षणावर आणि नाट्यपरंपरेवर विद्वानांनी बोलून आपल्याला समृद्ध केले आहे. परंतु सरांनी ज्या गोष्टीसाठी आपले आयुष्य वेचले, त्या खेळावर येथे कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. ही उणीव भरून काढण्याचा माझा अधिकार मोठा आहे असे नाही. मी आयुष्यभर या शाळेत मराठी शिकवले. फुटबॉल मी कधी खेळलो नाही. गोमंतकात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर तो जेवढा पडतो, तेवढाच मला ठाऊक होता. मग एका दूरदेशीच्या तरुण मुलीच्या कारकिर्दीवर मी का बोलावे? याला दोन कारणे आहेत. एक आताच सांगतो. दुसरे व्याख्यानाच्या शेवटाकडे सांगेन. कारण ते सांगण्यासाठी मला थोडे धैर्य गोळा करावे लागणार आहे.

२०२२ सालची दिवाळी आपल्याला आठवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आले आणि पाडवा एक दिवस पुढे गेला. त्या पाडव्याला, २६ ऑक्टोबर रोजी, मी माझ्या नातीला घेऊन मडगावला गेलो. फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मैदानावर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचे दोन्ही उपांत्य सामने त्या दिवशी होते. पहिला सामना कोलंबिया आणि नायजेरिया यांच्यात होता. सणाचा दिवस सोडून कुठे निघालात, असे घरात विचारले गेले. परंतु नातीचा हट्ट होता. तिला कोलंबियाची एक मुलगी पाहायची होती. त्या मुलीचे नाव लिंडा कायसेदो.

सामना पाहताना प्रथम मला काहीच कळले नाही. बावीस मुली धावत होत्या आणि चेंडू इकडून तिकडे जात होता. मग नातीने सांगितले, "आजोबा, चेंडूकडे पाहू नका. डावीकडच्या त्या मुलीकडे पाहा." मी पाहू लागलो. ती मुलगी बराच वेळ डाव्या कडेला नुसती उभी असे, कधी चालत असे. तिच्यापाशी चेंडू आला की मात्र नायजेरियाच्या दोन-दोन, तीन-तीन मुली तिच्याभोवती गोळा होत आणि मैदानावर इतरत्र जागा मोकळी होई. त्या सामन्यात निर्धारित वेळेत एकही गोल झाला नाही. कोलंबियाने पेनल्टींवर ६-५ असा विजय मिळवला. फुटबॉलमधील कोणत्याही जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलेला, पुरुषांचा वा महिलांचा, कोलंबियाचा तो पहिला संघ ठरला. आणि ही गोष्ट आपल्या मडगावात, पाडव्याच्या संध्याकाळी घडली. घरी परतल्यावर त्या मुलीविषयी मी जे मिळेल ते वाचू लागलो. आजचे व्याख्यान हे त्या वाचनाचे फलित आहे.

आता ही मुलगी कोण, ते पाहू.

कोलंबियाच्या नैर्ऋत्येला काउका नदीचे खोरे आहे. हा उसाचा मुलूख. मैलोन्‌मैल उसाचे मळे आणि मध्ये साखरेचे कारखाने. या खोऱ्याचे मुख्य शहर काली. त्याच्या जवळ कांदेलारिया तालुक्यातील एका गावी २२ फेब्रुवारी २००५ रोजी लिंडाचा जन्म झाला. लहानपणी ती मुलग्यांबरोबर खेळली, कारण खेळायला पुरेशा मुली नव्हत्या. अशी सुरुवात जगातल्या बहुतेक महिला खेळाडूंची असते, तेव्हा त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. २०१९ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, ती 'आमेरिका दे काली' या नामांकित क्लबकडून व्यावसायिक साखळी स्पर्धेत खेळली आणि त्याच वर्षी तिच्या संघाने विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी ती राष्ट्रीय संघातही आली. आपल्याकडे १४ वर्षांची मुलगी आठवीत वा नववीत असते, हे लक्षात घ्या.

येथे मला आपले लक्ष एका सनावळीकडे वेधायचे आहे. कोलंबियात महिलांची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली २०१७ साली. म्हणजे लिंडा त्या दारातून आत शिरली तेव्हा ते दार उघडून अवघी दोन वर्षे झाली होती. हीच मुलगी, हेच पाय, हीच दृष्टी घेऊन दहा वर्षे आधी जन्मली असती तर? १४ व्या वर्षी तिला शिरायला व्यावसायिक स्पर्धाच नव्हती. गावातल्या लोकांनी "पोर छान खेळायची हो" एवढे म्हटले असते आणि विषय तेथेच संपला असता.

आपण असामान्य गुणांना दैवी देणगी म्हणतो. ते म्हणणे मी खोडून काढणार नाही. परंतु देणगी ही एक गोष्ट आणि कारकीर्द ही दुसरी. कारकीर्द घडते ती माणसांनी वेळेवर उघडलेल्या दारांमुळे, आणि ही दारे बंद ठेवणारीही माणसेच असतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली महिलांना आपल्या संलग्न मैदानांवर खेळण्यास मनाई केली, ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. फुटबॉलचे माहेरघर म्हणून ज्याचे नाव घ्यावे त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत महिलांच्या फुटबॉलवर सरकारी बंदी होती. त्या अडतीस वर्षांत ब्राझीलमध्ये गुणी मुली जन्मल्याच नाहीत, असे कोणी म्हणेल काय?

कोलंबियातही दार उघडले म्हणजे सारे सुरळीत झाले, असे नाही. २०१८ साली उइला या प्रांतातील महिला संघाने दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मानाची क्लब स्पर्धा जिंकली. तेव्हा बक्षिसाची रक्कम आम्हांला न मिळता क्लबच्या पुरुष विभागाकडे जाणार, अशी तक्रार त्या संघातील खेळाडूला जाहीरपणे करावी लागली. २०१९ साली राष्ट्रीय संघातील खेळाडूंनी आपल्याला मानधन मिळत नाही, विमानाचे तिकीटही पदरचे काढावे लागते, हे जगापुढे मांडले. लिंडाच्या आधीच्या पिढीने अशी भांडणे अंगावर घेतली. त्यातल्या काहींची खेळण्याची वर्षे त्यातच गेली. या मोठ्या मुलींनी वाट झाडून ठेवली म्हणून धाकटीला धावता आले.

आघाडीची खेळाडू म्हणजे नेमके काय, हे माझ्यासारख्या अनभिज्ञांसाठी थोडक्यात सांगतो. आघाडीची जागा ही फुटबॉलमधील सर्वांत एकाकी जागा. नव्वद मिनिटांच्या खेळात चेंडू तिच्या पायाशी एकूण दोन-चार मिनिटेच असतो. बाकीचा सारा वेळ ती वाट पाहते, प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देते, जागा निर्माण करते. तिचे बहुतेक प्रयत्न फसतात. दहा वेळा ती निसटण्याचा प्रयत्न करते, आठ वेळा अडवली जाते. उरलेल्या दोहोंपैकी एखादा फटका गोलात गेला तर लोक तिला डोक्यावर घेतात. बचावातील खेळाडूला चूक परवडत नाही. आघाडीच्या खेळाडूला चुकांना घाबरणे परवडत नाही. लिंडाचे वैशिष्ट्य असे, की ती दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने चेंडू खेळवते. त्यामुळे ती डावीकडे वळेल की उजवीकडे, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत उमगत नाही.

१५ व्या वर्षी या मुलीच्या आयुष्यात मोठे संकट आले. २०२० साली तिला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. पुन्हा खेळता येईल की नाही, याची खात्री नव्हती. ती बरी झाली, परतली आणि २०२१ साली 'देपोर्तिवो काली' या क्लबबरोबर तिने पुन्हा साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले.

जगातील वृत्तपत्रे ही कथा "तिने जिद्दीने कर्करोगाला हरवले" अशी सांगतात. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. जिद्द असूनही या रोगाने गेलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात वा शेजारात आहेत, आणि त्यांच्या जिद्दीत काही उणे होते असे सुचवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती बरी झाली, कारण निदान झाले आणि उपचार मिळाले. किशोरवयीन मुलींमधील अंडाशयाच्या अनेक गाठी वेळीच कळल्या तर बऱ्या होऊ शकतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. येथे समोर बसलेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना मी एक वडीलधारा म्हणून सांगतो : पोटात सतत दुखत असेल, पोट फुगल्यासारखे वाटत असेल, तर ते लपवू नका. 'मुलींचे दुखणे' म्हणून ते अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ती रीत सोडा. आईला सांगा, बाईंना सांगा, डॉक्टरांकडे जा. लाजेपायी गेलेला वेळ पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

आता लिंडाच्या कारकिर्दीतील सर्वांत गजबजलेल्या कालखंडाकडे येतो. जुलै २०२२ ते ऑगस्ट २०२३, असा सुमारे तेरा महिन्यांचा हा काळ. या काळात ही मुलगी पाच खंडांत खेळली.

जुलै २०२२ मध्ये कोलंबियात कोपा आमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा झाली. त्याच सुमारास देशातील महिलांची साखळी स्पर्धा वर्षाच्या उत्तरार्धात होणार नाही, असे जाहीर झाले होते. कोलंबियाच्या खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी मुठी उंचावून निषेध नोंदवला आणि मग खेळायला सुरुवात केली. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल लिंडाने केला. त्या एका गोलाने कोलंबियाला २०२३ च्या विश्वचषकाचे आणि २०२४ च्या ऑलिंपिकचे दार उघडून दिले. अंतिम सामन्यात ब्राझीलने कोलंबियाला १-० असे हरवले. परंतु स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो १७ वर्षांच्या लिंडाला. ऑगस्टमध्ये ती कोस्टा रिकाला २० वर्षांखालील विश्वचषक खेळली. ऑक्टोबरमध्ये ती आपल्या भारतात आली.

भारतातील त्या स्पर्धेत तिने चार गोल केले. फातोर्ड्याचा उपांत्य सामना मी आपल्याला सांगितलाच. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर झाला. स्पेनविरुद्ध सामना गोलशून्य बरोबरीत होता आणि ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या आना मारिया गुस्मान या मुलीकडून चेंडू चुकून स्वतःच्याच गोलात गेला. स्पेन १-० असा जिंकला. ज्या मुलीच्या हातून ही चूक झाली, तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पण या गोष्टीचा उत्तरार्ध ऐका. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियात महिलांच्या मुख्य विश्वचषकात कोलंबियाचा जमैकाशी सामना होता. नेहमीची एक खेळाडू खेळू शकत नव्हती, म्हणून १८ वर्षांच्या याच गुस्मानला संधी मिळाली. तिने दूरवरून टाकलेल्या एका अप्रतिम पासवर कातालिना उस्मे हिने सामन्यातील एकमेव गोल केला आणि कोलंबिया इतिहासात प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत पोचला. चूक झाली म्हणून तिला कोणी घरी बसवले नाही, एवढाच याचा अर्थ. आम्ही शिक्षक मंडळी एका प्रगतिपुस्तकावरून मुलांचे भवितव्य ठरवतो. त्यांनी ही कथा विशेष लक्षात ठेवावी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये लिंडाला १८ वर्षे पूर्ण झाली आणि त्याच आठवड्यात स्पेनच्या रेआल माद्रिद या क्लबने तिला करारबद्ध केल्याचे जाहीर केले. वाढदिवसाची वाट पाहण्याचे कारण असे, की फुटबॉलच्या जागतिक नियमांनुसार १८ वर्षांखालील खेळाडूला, काही अपवाद वगळता, परदेशी क्लबकडे जाता येत नाही. कोवळ्या मुलांचा व्यापार होऊ नये म्हणून हा नियम आहे. तो योग्य आहे. परंतु याच नियमामुळे घरच्या देशात चांगली साखळी स्पर्धा असणे किती आवश्यक आहे, हेही दिसून येते. १४ ते १८ ही घडण्याची चार वर्षे. ती घरी नीट गेली नाहीत, तर १८ व्या वर्षी परदेशातून बोलावणे यायचे कसे?

मग आला जुलै २०२३. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे दक्षिण कोरियाविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिने गोल केला. दोन दिवसांनी सरावाच्या वेळी ती छातीला हात लावून मैदानावर आडवी झाली. थकवा आणि ताण, असे कारण सांगण्यात आले. त्यानंतर तीन दिवसांनी, ३० जुलैला, ती जर्मनीविरुद्ध मैदानात उतरली. जर्मनीचा संघ म्हणजे दोन वेळचा विश्वविजेता. ५२ व्या मिनिटाला गोलक्षेत्रात डावीकडे तिच्या पायाशी चेंडू आला. समोर जर्मनीच्या दोन उंचनिंच खेळाडू. तिने चेंडू एकदा खेचला, दोघींच्या मधल्या फटीतून स्वतः निसटली आणि उजव्या पायाने चेंडू असा वळवला, की तो गोलाच्या दूरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन विसावला. जर्मनीने ८९ व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी साधली. परंतु भरपाईच्या वेळेत मानुएला वानेगास हिने डोक्याने गोल करून कोलंबियाला २-१ असे जिंकून दिले.

तो गोल मी नातीच्या कृपेने अनेक वेळा पाहिला आहे, आणि पाहताना दर वेळी मला सरावाच्या मैदानावर आडवी झालेली मुलगीही आठवते. १८ वर्षांच्या एका देहावर एका वर्षात तीन विश्वचषकांचे आणि एका खंडीय स्पर्धेचे ओझे टाकले गेले. तिला टाळ्या वाजवणारे आपण सारे त्या ओझ्याचे थोडेसे वाटेकरी आहोत. गुणी मूल सापडले, की प्रत्येकाला ते आपल्या संघात, आपल्या स्पर्धेत, आपल्या स्नेहसंमेलनात हवे असते. आपल्या शाळेतही हे घडते. तीच मुलगी वक्तृत्वाला, तीच समूहगीताला, तीच धावण्याला. दार उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच आत आलेल्या मुलाला श्वास घेऊ देणेही महत्त्वाचे.

यानंतरची तिची वाटचाल विजयांची मालिका आहे, असे कृपा करून समजू नका. २०२३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने कोलंबियाला २-१ असे हरवले. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्ध कोलंबिया २-० असा पुढे होता. शेवटच्या टप्प्यात बरोबरी झाली आणि पेनल्टींवर सामना गेला. २ ऑगस्ट २०२५ रोजी एक्वादोरची राजधानी कितो येथे कोपा आमेरिकाचा अंतिम सामना पुन्हा ब्राझीलशी झाला. पहिला गोल लिंडाचा. कोलंबिया ३-२ असा पुढे असताना भरपाईच्या वेळेत ब्राझीलच्या ३९ वर्षांच्या मार्ताने बरोबरी साधली. सामना ४-४ असा सुटला आणि पेनल्टींवर पुन्हा ब्राझील जिंकले. एकीकडे मार्ता, जिच्या देशात तिच्या जन्माच्या सात वर्षे आधीपर्यंत मुलींना फुटबॉलची बंदी होती. दुसरीकडे २० वर्षांची लिंडा, जी दोन वर्षांच्या कोवळ्या साखळी स्पर्धेतून वर आली. मला तो सामना दोन देशांपेक्षा दोन पिढ्यांचा वाटला. लिंडाच्या वाट्याला अशा रीतीने तीन मोठ्या अंतिम सामन्यांत हार आली आहे. तरीही कोलंबियातील लहान मुली तिच्या नावाचे सदरे घालून मैदानावर येतात. त्या पदके मोजत नाहीत. आपल्यासारखी एक मुलगी तेथे पोचली, हे त्यांना पुरेसे आहे.

आता आपल्या घराकडे वळू या.

२०२२ च्या त्याच स्पर्धेत यजमान म्हणून भारताचा संघही होता. भुवनेश्वर येथे तो तीन सामने खेळला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हारी त्याने पत्करल्या. एकही गोल झाला नाही. काहींनी या मुलींची टिंगल केली. पण त्या मुलींना आपण काय दिले होते? स्पर्धेला दोन महिने उरले असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, आपल्या राष्ट्रीय महासंघावर जागतिक संघटनेने निलंबनाची कारवाई केली होती. ती काही दिवसांनी उठली म्हणून स्पर्धा भारतात राहिली, एवढेच. संघाची कर्णधार झारखंडमधील खेड्यातून आलेली होती. अमेरिकेच्या मुली वर्षानुवर्षे शेकडो सामने खेळून आल्या होत्या. आठ गोलांचा फरक त्या नव्वद मिनिटांत पडला नव्हता. तो आधीच्या दहा वर्षांत पडला होता.

आणि आपण नेहमीच मागे होतो, असेही नाही. १९८० साली कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला उपविजेत्या ठरल्या होत्या. त्या काळात आपल्या गोमंतकाच्या योलांदा डिसोझा भारताकडून खेळल्या. ब्रह्मानंद शंखवाळकरांचे नाव येथील मुलांच्या ओठांवर असते आणि ते योग्यच आहे. परंतु योलांदाबाईंचे नाव येथे किती मुलींना ठाऊक आहे, हे आज घरी गेल्यावर विचारून पाहा. त्यानंतर आशियातील इतर देश पुढे गेले आणि आपण थांबलो. महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा आपल्याकडे सुरू होण्यास २०१६-१७ साल उजाडावे लागले. तरीही त्यानंतर किती लवकर फळे दिसू लागली, ते पाहा. २०२० साली मणिपूरची बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स संघात गेली. २०२२ साली पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसमधील क्लबकडून युरोपच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत खेळली. जुलै २०२५ मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून, पात्रता फेरी जिंकून, २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. दार थोडे किलकिले झाले, तर एवढे झाले.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या दुसऱ्या कारणाकडे येतो.

सुमारे पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. तिचे नाव मी घेणार नाही. मधल्या सुट्टीत ती मुलग्यांत फुटबॉल खेळे आणि तिच्या पायातून चेंडू काढून घेणे त्यांना जमत नसे. सरांनी तिला हेरले. मडगावला मुलींचे एक निवड शिबिर होते. तेथे तिला पाठवावे म्हणून त्यांनी अर्ज भरला आणि पालकांच्या सहीसाठी तिच्या घरी दिला. तिचे वडील सही करण्याआधी माझ्याकडे आले. मी वर्गशिक्षक, माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी मान होता. "मास्तर, तुम्ही सांगाल तसे करतो," असे ते म्हणाले. मी सांगितले, "पुढच्या वर्षी दहावी आहे. आणि मुलीच्या जातीला हे फुटबॉल कशाला? चार माणसे काय म्हणतील?" त्यांनी कोरा अर्ज मला परत दिला. मी तो सरांच्या टेबलावर ठेवला. सर काही बोलले नाहीत. त्यांनी अर्ज उचलला, नीट घडी घातली आणि खणात ठेवला. त्यानंतर आम्ही वीस वर्षे एकाच शिक्षकखोलीत बसलो. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही.

ती मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पुढे शिकली, संसाराला लागली, सुखात आहे. तिचे वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. ती मोठी खेळाडू झाली असती, असेही मी म्हणणार नाही. शिबिरातून परतही आली असती. पण ते तिला कळले असते. मी ते तिला कळू दिले नाही. बंदी घालायला सरकारच लागते असे नाही. तेवढ्यासाठी एक वर्गशिक्षक पुरतो. पाडव्याच्या संध्याकाळी फातोर्ड्याला डाव्या कडेची ती कोलंबियाची मुलगी पाहताना मला सरांचा तो खण आठवला. सर हयात असताना हे त्यांच्यापाशी बोलायला हवे होते. ते राहिले. म्हणून आज त्यांच्या स्मृतीपुढे, आपणा सर्वांच्या साक्षीने, ते बोलतो आहे.

मित्रहो, लिंडा कायसेदो आपल्या शाळेत निर्माण व्हावी, अशी माझी मागणी नाही. अशी मुलगी शतकात एखादी जन्मते आणि कुठे जन्मेल ते कोणाच्या हाती नसते. आपल्या हाती जे आहे तेवढेच मी मागतो. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी शाळेचे मैदान केवळ मुलींसाठी राखून ठेवावे. त्यांना कपडे बदलण्यासाठी स्वच्छ, कडी लागणारी खोली असावी. कित्येक मुलींचा खेळ या एका कडीपाशी अडतो. माजी विद्यार्थी संघाने पारितोषिकांच्या निधीतील काही भाग बुटांसाठी आणि प्रवासखर्चासाठी काढून ठेवावा. आणि वर्गशिक्षकांनो, एखादा बाप कोरा अर्ज घेऊन आपल्या दाराशी आला, तर उत्तर देण्याआधी थोडे थांबा. आधी मुलीला विचारा.

माझी नात फुटबॉल खेळत नाही. तिला खेळ पाहणे आवडते आणि त्याविषयी लिहावेसे वाटते. मी तिला काही सांगायला गेलो नाही.

सरांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.